तीव्र ॲलर्जी (ॲनाफिलॅक्सिस) : लेकीच्या अनुभवानंतर वाचलेलं, शिकलेलं

सावली_ठाणे । १७ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पाककृतींच्या धाग्यांवर कधीमधी लिहिते. हा धागा काढायला दोन महिने लागले. लिहायला बसलं की तो दिवस डोळ्यांसमोर यायचा आणि मी लॅपटॉप मिटून टाकायचे. परवा संक्रांतीला शेजारच्या काकूंनी लेकीच्या हातावर तिळाची वडी ठेवली, वर काजूचा तुकडा लावलेली. तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

नोव्हेंबरात दिराच्या साखरपुड्याला गेलो होतो. लेक साडेसहा वर्षांची. तिने अर्धी काजूकतली खाल्ली आणि उरलेली माझ्या हातात दिली. "आई, जीभ टोचतेय." मी म्हटलं, पाणी पी. पाचेक मिनिटांत तिला उलटी झाली. मग मानेवर, पोटावर गांध्या उठल्या. सगळ्यांचं एकमत, पित्त उठलंय. आत्यांनी आमसुलाचं पाणी आणून अंगाला लावलं, मी पर्समधलं सेट्रिझिनचं सिरप पाजलं. आत्यांवर माझा जराही राग नाही, दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर मीही तेच केलं असतं. तेवढ्यात तिला खोकला सुरू झाला, कोरडा, भुंकल्यासारखा. आवाज घोगरा झाला.

हॉलच्या मागच्या गल्लीत एक लहान रुग्णालय होतं. तिथे एक ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, एक स्टेरॉइडचं दिलं आणि बाकावर बसवून ठेवलं. गांध्या खरंच मावळल्या. माझा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने ती म्हणाली, शू लागली. मी तिला उभं केलं आणि दुसऱ्या पावलाला ती माझ्या अंगावर कोसळली. ओठ पांढरेफटक. आतून मोठे डॉक्टर धावत आले. त्यांनी तिला तिथेच फरशीवर आडवं केलं, पाय स्टुलावर ठेवले आणि मांडीत एक इंजेक्शन दिलं. ॲड्रेनॅलिन. नवरा म्हणतो चार-पाच मिनिटं गेली असतील. मला ती किती वाटली ते सांगता येणार नाही. तिने डोळे उघडले आणि विचारलं, "माझी चप्पल कुठंय?"

नंतर कळलं की पहिल्या घासापासून या इंजेक्शनपर्यंत पाऊण तास गेला होता. आणि ते औषध त्या रुग्णालयाच्या कपाटात पहिल्या मिनिटापासून होतं.

आता दुसरी गोष्ट, ज्यासाठी खरं तर तुमच्याशी बोलायचंय. धाकटा आठ महिन्यांचा आहे आणि त्याला गालांवर, कोपरांच्या लवणीत इसब आहे. झाल्या प्रकारानंतर घरात सगळ्यांनी ठरवलं की याला दाणे, काजू, अंडं, काही म्हणजे काही पाच वर्षांपर्यंत द्यायचं नाही. मीही ठरवलं होतं. ॲलर्जीतज्ज्ञांकडे गेलो तर त्यांनी नेमकं उलट सांगितलं. इसब आहे म्हणूनच याला लवकर द्यायला हवं, आधी तपासणी करू आणि लगेच दाण्यापासून सुरुवात करू. मी घरी येऊन रडले. मग वाचायला लागले.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सांगितलं होतं की ज्यांच्या घरात ॲलर्जी आहे त्यांनी मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला, कारण टाळून काही फायदा होतो असा पुरावाच मिळेना. त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या डॉ. गिडियन लॅक यांच्या गटाने एक तुलना छापली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के, इस्रायलमधल्या ज्यू मुलांत ०.१७. वंश एक, फरक दहापट. इस्रायलमध्ये बाळं दात यायच्या आधीपासून शेंगदाण्याचे कुरमुऱ्यांसारखे फुगीर तुकडे चघळतात, त्याला बांबा म्हणतात. ब्रिटनमध्ये आया बाळांना दाणा दाखवतही नव्हत्या.

मग लॅक यांच्या गटाने ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. सगळी जोखमीची, कुणाला तीव्र इसब, कुणाला अंड्याची ॲलर्जी. निम्म्यांना आठवड्याला ६ ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन, तीन किंवा जास्त वेळा विभागून. निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत पूर्ण बंद. २०१५ मध्ये निकाल आला. सुरुवातीच्या त्वचा-चाचणीत ज्यांना काही नव्हतं त्यांच्यात, टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. हे आकडे मी तीनदा वाचले. ज्या मायेने आपण मुलांच्या तोंडातून घास काढून घेत होतो त्याच मायेने त्यांना ॲलर्जी लागत होती.

याचं कारण असं समजावलं जातं की इसब असलेली त्वचा फाटलेली असते. घरातल्या धुळीतून, हातांतून, तेलातून अन्नाचे कण त्या त्वचेतून आत गेले की शरीर त्यांच्याविरुद्ध तयारी करतं. तेच अन्न वेळेत पोटातून गेलं तर शरीर ते आपलंसं करतं. आपल्या घरात कुटाचा डबा दिवसातून चारदा उघडतो. म्हणजे बाळाच्या त्वचेला दाणा भेटतोच आहे, फक्त पोटाला भेटत नाहीये.

कुणाचे अनुभव असतील तर कृपया लिहा. विशेषतः दुसऱ्या मुलाबद्दल.

---

गौरी_क । १७ जानेवारी, रात्री ११:१५

वाचताना हातपाय गार पडले गं. लेक आता कशी आहे? आणि तू?

---

अनघा_लीड्स । १८ जानेवारी, पहाटे ३:५०

सावली, आमच्याकडे मोठ्याला शेंगदाणा आणि तीळ दोन्हींची ॲलर्जी. तो २०११ चा, म्हणजे 'देऊ नका'च्या सावटातला. धाकटीच्या वेळी मात्र हेल्थ व्हिजिटरनेच, म्हणजे घरी येऊन बाळ तपासणाऱ्या सरकारी नर्सनेच, विचारलं, दाणे सुरू केलेस का. माझा हात थरथरत होता. पातळ पीनट बटर कोमट पाण्यात कालवून चमच्याच्या टोकावर दिलं आणि दोन तास तिच्याकडे बघत बसले. आज ती दाण्याची चटणी बोटाने चाटते.

तुझ्या वाचनात भर. त्याच ६४० मुलांतल्या बऱ्याच जणांना बारा-तेरा वर्षांचे झाल्यावर पुन्हा तपासलं, २०२४ मध्ये छापून आलं. मधल्या वर्षांत कुणी दाणे खाल्ले, कुणी सोडले, तरी लहानपणी खाणाऱ्यांत ॲलर्जी ७१ टक्क्यांनी कमीच राहिली. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या. लवकर चारण्याचा सल्ला आल्यानंतर तीन वर्षांखालच्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी आधी २७ टक्क्यांहून जास्त आणि २०१७ च्या विस्तारित सल्ल्यानंतर ४० टक्क्यांहून जास्त घटली. म्हणजे प्रयोगातलं घराघरांत उतरलं.

तिळाबद्दल मुद्दाम सांगते. इथे ब्रिटनमध्ये २०१६ साली नताशा एडनान-लापेरूझ नावाची १५ वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या सँडविचमुळे गेली. पावाच्या पिठात तीळ होते आणि वेष्टनावर लिहिलेलं नव्हतं. तिच्या आईवडिलांनी लावून धरलं, म्हणून १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून बांधलेल्या खाण्यावरही सगळे घटक लिहावे लागतात. अमेरिकेत २०२३ पासून तीळ सक्तीच्या यादीत आहे. भारताच्या २०२० च्या लेबल नियमांत गहू-ग्लुटेन, कोळंबी-खेकडे, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामांसारखी सुकी फळं, सोयाबीन, सल्फाइट आहेत. तीळ नाही, मोहरीही नाही. तिळगुळाच्या देशात तीळ नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आणि मिठाईच्या दुकानातल्या सुट्ट्या मालावर काय लिहिलेलं असणार?

काजू आहे म्हणजे पिस्त्यालाही जपा. दोन्ही एकाच कुळातले, बहुतेकांना दोन्हींचा त्रास असतो. हॉटेलच्या पंजाबी ग्रेव्हीत काजू असतोच, न विचारता खाऊ नका.

---

रोहन_प । १८ जानेवारी, सकाळी ९:०५

माझ्या बायकोची रक्ताची मोठी ॲलर्जी तपासणी केली होती, पॅकेज. गहू, दूध, वांगं, हरभरा, कोळंबी, एकूण २३ गोष्टी पॉझिटिव्ह. लॅबच्या कागदावर लाल रंगात. आठ महिने ती फक्त ज्वारी आणि दुधी खात होती, वजन ११ किलो उतरलं. तिला यातल्या एकाही पदार्थाने कधी रिॲक्शन आलेली नव्हती, फक्त सकाळी शिंका यायच्या. मग अशा तपासण्यांचा अर्थ काय?

---

तालुका_डॉक्टर । १८ जानेवारी, दुपारी २:३०

मी रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात २२ वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. सावलीताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. जे मी दरवर्षी नव्या इंटर्नना सांगायचो ते इथे लिहितो.

आधी रोहन. कर्नाटकात बंगळुरू-म्हैसूर भागात मोठी पाहणी झाली आहे. २६.५ टक्के प्रौढांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. खरी ॲलर्जी असण्याची शक्यता फक्त १.२ टक्क्यांत. म्हणजे कागदावरच्या बहुतेक 'पॉझिटिव्ह'ना काही होत नाही. तपासणी ही हकिगतीला आधार म्हणून करायची असते. काय खाल्लं, किती मिनिटांत काय झालं, हे विचारल्याशिवाय केलेली यादी माणसाला उपाशी मारते. वहिनींना ॲलर्जीच्या जाणत्या डॉक्टरांकडे न्या आणि एकेक पदार्थ त्यांच्या देखरेखीत परत सुरू करा.

आता ॲड्रेनॅलिन. तीव्र ॲलर्जीत शरीरातल्या मास्ट पेशी फुटून एकाच वेळी अनेक रसायनं सोडतात. हिस्टामिन हे त्यातलं एक. सेट्रिझिन किंवा ॲलर्जीचं इंजेक्शन फक्त त्याच एकाला अडवतं. त्याने खाज थांबते, गांध्या जातात. श्वासनळी मोकळी होत नाही, घसरलेला रक्तदाब वर येत नाही. ताई, तुमच्या लेकीच्या गांध्या गेल्या आणि सगळ्यांना वाटलं बरी झाली, ते याचमुळे. स्टेरॉइडला काम करायला काही तास लागतात. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शनात तर ॲलर्जीची गोळी-इंजेक्शन पहिल्या उपचारातून काढून टाकलंय आणि स्टेरॉइड सरसकट देऊ नका असं म्हटलंय. ॲड्रेनॅलिन रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनळ्या उघडतं आणि मास्ट पेशींनाही आवरतं. तिन्ही कामं करणारं दुसरं औषध नाही.

मला हे सर्पदंशाने शिकवलं. आमच्याकडे पावसाळ्यात फुरसं, घोणस, मण्यार. सापाची लस घोड्यांच्या रक्तापासून बनते, आपल्या परळच्या हाफकिनमध्ये ती वर्षानुवर्षं बनत आली. घोड्याचं प्रथिन शिरेतून गेलं की कितीतरी रुग्णांना थंडी, गांध्या, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. लस दिली नाही तर विषाने जाणार, दिली तर ही भीती. आम्ही आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीचं इंजेक्शन द्यायचो, आमच्या गुरूंनी शिकवलं म्हणून. २०११ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १००७ रुग्णांवर नीट चाचणी केली. लसीआधी त्वचेखाली थोडंसं ॲड्रेनॅलिन दिलं तर पहिल्या तासातल्या गंभीर रिॲक्शन ४३ टक्क्यांनी घटल्या. बाकी दोन औषधांचा काही उपयोग झाला नाही, उलट ॲड्रेनॅलिनच्या जोडीला स्टेरॉइड दिलं तर त्याचा फायदाही पुसला गेला. तो लेख वाचल्यावर मी ट्रेमध्ये पहिली ॲड्रेनॅलिनची सिरिंज भरून ठेवायला लागलो.

मांडीतच का? कॅनडातल्या डॉ. एस्टेल सिमन्स यांनी १९९८ मध्ये मुलांवर मोजलं. मांडीच्या स्नायूत दिलेलं औषध सुमारे ८ मिनिटांत रक्तात शिखर गाठतं, त्वचेखाली दिलेलं ३४ मिनिटांत. मँचेस्टरच्या डॉ. पम्फ्री यांनी मृत्यूंचा अभ्यास केला. हृदय किंवा श्वास बंद पडायला लागलेला साधारण काळ अन्नामुळे ३० मिनिटं, दंशामुळे १५, दवाखान्यात दिलेल्या औषधामुळे ५. आता ३४ मिनिटं वाट बघायची का, तुम्हीच ठरवा.

पम्फ्री यांनीच दाखवलं की आडव्या रुग्णाला एकदम बसवलं किंवा उभं केलं की हृदयाकडे परतणारं रक्त खुंटतं आणि काही सेकंदांत तो जाऊ शकतो. ताई, लेक उभी राहिल्यावर पडली ती यामुळे. तुम्हाला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. रुग्ण आडवा, पाय वर. दम लागत असेल तर पाय पसरून टेकून बसवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली तर कुशीवर. शौचालयात चालत नेऊ नका. १०८ ला फोन करा.

---

घाटवाट । १८ जानेवारी, रात्री ८:२०

डॉक्टर, एक विचारतो. दोन वर्षांपूर्वी एका किल्ल्याच्या कड्याखाली आमच्या गटावर आग्या मोहोळ उठलं. एकाला पन्नासेक दंश, सुजला, ओकला, पण शुद्धीवर. दुसऱ्याला फक्त दोन. तो दहा मिनिटांत पांढरा पडला आणि "डोळ्यांपुढे अंधार येतोय" म्हणाला. आम्ही त्याला दोन्ही खांद्यांवर हात टाकून उभा करून खाली आणायला निघालो होतो. नशीब की तो मधेच गळून पडला आणि आम्ही त्याला आडवाच ठेवला. आता वाचून अंगावर काटा आला. तो पुन्हा डोंगरात येऊ शकतो का?

---

तालुका_डॉक्टर । १८ जानेवारी, रात्री ९:४५

पन्नास दंशवाल्याला विषबाधा, दोन दंशवाल्याला ॲलर्जी. दोन्ही जिवावर बेततात, पण वेगळ्या वाटेने. डंख राहिला असेल तर नख, कार्ड, जे हाताशी येईल त्याने लगेच काढा. पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा.

तुमच्या मित्राला ॲलर्जीतज्ज्ञांना भेटलंच पाहिजे. मधमाशीच्या विषाचे अगदी थोडे थोडे डोस वाढवत तीन ते पाच वर्षं इंजेक्शनं देतात. मधमाशीच्या बाबतीत ७७ ते ८४ टक्के लोकांना त्याने संरक्षण मिळतं, गांधीलमाशीच्या बाबतीत ९१ ते ९६. सगळ्या ॲलर्जी-उपचारांत इतका भरवशाचा दुसरा नाही. तो होईपर्यंत ॲड्रेनॅलिन जवळ असल्याशिवाय डोंगर नको. आणि गटातल्या किमान दोघांना ते देता आलं पाहिजे.

---

मीनल७२ । १९ जानेवारी, सकाळी ७:३०

ॲड्रेनॅलिनने हार्ट अटॅक येतो असं आमच्या फार्मसीवाल्याने सांगितलं. बाबांना बीपी आहे, त्यांना कोळंबीने घसा सुजतो. भीती वाटते.

---

तालुका_डॉक्टर । १९ जानेवारी, सकाळी १०:१०

भीती शिरेतून भसकन दिलेल्या ॲड्रेनॅलिनची आहे, ती रास्त आहे. मांडीत, योग्य मात्रेत दिलं तर हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस घाबरतो, आणि थोड्या वेळात ते ओसरतं. जीव वाचवायच्या वेळी हृदयरोग हे ते न देण्याचं कारण नाही. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मुलांना जास्तीत जास्त ०.३, मोठ्यांना ०.५. फरक पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. पण हे वाचून कुणी स्वतः ठरवू नये. बाबांचा डोस त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि इंजेक्शन कसं द्यायचं ते त्यांच्यासमोर शिका.

---

अनघा_लीड्स । १९ जानेवारी, दुपारी ४:००

इथे मुलाच्या दप्तरात नेहमी दोन पेन असतात, म्हणजे मांडीत टोचायचे तयार ॲड्रेनॅलिनचे. एक कमी पडू शकतं म्हणून सरकारी सल्लाच दोनचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिका आणि युरोपात नाकात मारायच्या फवाऱ्यालाही मान्यता मिळाली. सुईला घाबरून उशीर करणाऱ्यांसाठी हे किती मोठं आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ओमालिझुमॅब या जुन्या दम्याच्या इंजेक्शनला अन्नाच्या ॲलर्जीसाठी मान्यता मिळाली. चाचणीत चार-साडेचार महिन्यांनी ६७ टक्के जणांना दोन-अडीच दाण्यांइतकं प्रथिन सोसलं, खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांत ७ टक्क्यांना. पथ्य सुटत नाही, चुकून पोटात गेलेल्या घासापासून बचाव होतो. पण इथे बसून मला नेहमी वाटतं, पेन हे साधं उपकरण, ते आपल्याकडे अजूनही सहजासहजी मिळत नाही.

---

गौरी_क । १९ जानेवारी, रात्री ९:००

मग ठाण्यात सावलीने काय करायचं?

---

सावली_ठाणे । २ फेब्रुवारी, रात्री ११:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा तो परिच्छेद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. लेक उभी राहिल्यावर का पडली हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. दोन महिने मी स्वतःला कोसत होते की मी तिला उभं का केलं.

गौरी, आमच्या तज्ज्ञांनी पेनऐवजी ॲड्रेनॅलिनच्या दोन कुप्या, १ मिलीच्या दोन सिरिंजा, इंचभर लांब सुया असा डबा बांधून दिला. लेक २० किलोची, म्हणून ०.२ च्या रेषेवर त्यांनी कायम शाईने खूण करून दिली. कुप्या खोक्यातच ठेवायच्या, उजेडात नाही, गाडीत तापत ठेवायच्या नाहीत, औषध तांबूस दिसलं तर टाकून द्यायचं. असाच दुसरा डबा शाळेत. वर्गशिक्षिका आधी म्हणाल्या, इंजेक्शन आम्ही कसं देणार? तज्ज्ञांनी सहीशिक्क्याचा एक पानाचा कागद दिला, त्यावर चित्रं आहेत. आता बाईंनी तो कपाटाच्या आतल्या दारावर चिकटवलाय.

धाकट्याची त्वचा-चाचणी झाली, दाण्याला काही नाही. पहिला घास तिथेच दवाखान्यात दिला. भाजलेला दाणा, सालं काढून अगदी गंधासारखा वाटून, कोमट पाण्यात पातळ केलेला. अख्खा दाणा किंवा जाडसर कूट नाही, श्वासनळीत अडकतं. त्याने तोंड वाकडं केलं आणि मग चमचाच पकडला. आता आठवड्यातून तीनदा नाचणीच्या सत्त्वात घालते. तिसरा आठवडा चालू आहे. अंडंही उकडून, बारीक करून सुरू केलंय. इसबाला रोज मलम, आणि त्याला उचलण्याआधी सगळ्यांनी हात धुवायचे, विशेषतः कुटाच्या डब्याला हात लावला असेल तर.

सगळ्यात अवघड होतं सासूबाईंना शिकवणं, कारण दुपारी मुलं त्यांच्याकडे असतात. त्या म्हणायच्या, माझ्याच्याने सुई टोचवणार नाही. काल रविवारी जेवणानंतर मी टेबलावर मोसंबी ठेवली, मुदत संपलेल्या कुप्या दवाखान्यातून सरावासाठी आणल्या होत्या. पहिली कुपी त्यांनी इतकी दाबून धरली की काच फुटून औषध लुगड्यावर सांडलं. दुसऱ्या वेळी कुपीची मान नीट मोडली, पण सिरिंज ०.४ पर्यंत भरली. मग त्यांनी जाऊन वाचायचा चष्मा आणला, ट्यूबलाइटखाली खुर्ची ओढली, ०.२ च्या शाईच्या रेषेवर थांबल्या, बुडबुडा टिचकीने वर घालवला आणि मोसंबीत सरळ सुई घातली. मग लेकीला हाक मारली आणि तिच्या मांडीवर बाहेरच्या बाजूने बोट ठेवून मला विचारलं, "इथेच ना?"